समुद्रावर निघालेल्या खान्देशकरांसाठी: शार्कला किती घाबरायचं आणि सावध कशापासून राहायचं

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांत समुद्राचे बेत सुरू होतात. कुणी नवापूरमार्गे सुरत-दमण गाठतं, कुणी नाशिकवरून अलिबाग-मुरूड, आणि हाताशी दिवस जास्त असतील तर तारकर्ली किंवा सोमनाथ-दीव. गाडी ठरते, खोल्या ठरतात आणि नेमका त्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवर शार्कचा व्हिडिओ येऊन पडतो. मग घरातली म्हातारी माणसं निक्षून सांगतात, "समुद्रमा शार्क ऱ्हास, पोरेसले पानीमा उतरू देऊ नका."

मी शिक्षक आहे. शाळेच्या सहली समुद्रावर नेतो, त्याआधी पालकांची सभा घेतो. शार्कचा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. भरती-ओहोटीची वेळ काय, किनाऱ्यावर जीवरक्षक आहे का, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. भीती चुकीच्या जागी जाऊन बसली की खरी काळजी घ्यायची राहून जाते, म्हणून हा लेख. निघायच्या आधी काय तपासायचं, पाण्यात कसं वागायचं आणि काही झालंच तर काय करायचं, हे याच क्रमाने सांगतो.

पायरी १: आधी आकडा नीट बघा

अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाच्या निसर्गइतिहास संग्रहालयात जगभरातल्या शार्कच्या हल्ल्यांची नोंद ठेवली जाते. तिथले अभ्यासक प्रत्येक घटना तपासतात आणि तिचे दोन भाग करतात. माणसाने शार्कला खाऊ घातलं, पकडलं, डिवचलं, गळाला लागलेला सोडवताना हात चावला, अशा घटना वेगळ्या. माणूस आपला पोहत होता आणि शार्कने काही कारण नसताना चावा घेतला, त्या वेगळ्या. या दुसऱ्या प्रकारातल्या घटना २०२३ मध्ये अख्ख्या जगात ६९ झाल्या आणि त्यांत १० माणसं दगावली. ते वर्ष वाईट मानलं गेलं. २०२४ मध्ये चावे ४७ आणि मृत्यू ४. जगभरातले कोट्यवधी लोक वर्षभर समुद्रात उतरतात, त्यातून निघालेला हा हिशोब आहे.

इथे अनेक जण लगेच सापाचा आकडा पुढे करतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं गेली, असा अभ्यास आहे. आकडा खरा आहे, पण तुलना बरोबर नाही. आपल्याकडचा शेतकरी रोज रात्री कपाशीला, केळीला पाणी द्यायला बांधावर जातो; समुद्रात तो वर्षातून दोन दिवस उतरतो. सापाशी गाठ पडायची संधीच कितीतरी पटीने जास्त. अशी तुलना ऐकून मनातली भीती जात नाही, आणि जाऊही नये.

खरी तुलना करायची तर त्याच समुद्रात, त्याच लाटांत उतरलेल्या माणसांची करा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. एका किनाऱ्यावर, एका दुपारी. त्या संपूर्ण वर्षात डिवचलेलं नसताना शार्कने घेतलेल्या चाव्यांमुळे जगभरात मेलेली माणसं होती ४. भारतात नदी, तलाव, विहीर, समुद्र सगळं धरून बुडून मरणाऱ्यांची सरकारी नोंद २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी ३५ हजारांच्या वर आहे. पालकसभेत मुरूडचे १४ आणि जगभरातले ४, हे दोन आकडे मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो. त्यानंतर शार्कवरून प्रश्न येत नाही, भरतीवरून येतो.

पायरी २: शार्क म्हणजे नेमका कोणता, ते समजून घ्या

शार्कच्या पाचशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक माणसाच्या वाटेलाही जात नाहीत. जीवघेण्या घटनांमध्ये पुन्हा पुन्हा तीनच नावं येतात: ग्रेट व्हाइट, टायगर शार्क आणि बुल शार्क. ग्रेट व्हाइटची मुख्य वस्ती दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, कॅलिफोर्निया अशा थंड पाण्याच्या किनाऱ्यांना. टायगर आणि बुल शार्क मात्र उबदार पाण्यातले, अरबी समुद्रातही आहेत. हे लपवण्यात अर्थ नाही.

पण महाराष्ट्र-गुजरातच्या जाळ्यांत सर्वांत जास्त कोणता शार्क येतो? जेमतेम हातभर लांबीचा. कोकणात त्याला मुशी म्हणतात, मालवणकडे मोरी. मालवणला गेलात तर संध्याकाळी होड्या लागतात तेव्हा मासळीच्या लिलावाला मुलांना घेऊन जा आणि एक मुशी जवळून दाखवा. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर कातडी गुळगुळीत लागते, उलटा फिरवला तर पॉलिश पेपरसारखी खरखरते, कारण कातडीवर दातांच्याच घडणीचे बारीक खवले असतात. डोक्याच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या पाच-पाच फटी दिसतात. तोंड पुढे नसून खाली, पोटाच्या बाजूला असतं. नाकाभोवती सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रं दिसतात. दुसऱ्या जिवाच्या स्नायूंतून निघणारी अगदी क्षीण वीज तो या छिद्रांतून ओळखतो. हाड म्हणाल तर एकही नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागात असतो तशा लवचिक पदार्थाचा. मुलाने एकदा हे बोटाने चाचपलं की व्हिडिओतला राक्षस त्याच्या डोक्यातून बऱ्यापैकी उतरतो.

रक्ताचा एक थेंब पाण्यात पडला की शार्क मैलोगणती लांबून धावत येतो, असंही सर्रास सांगितलं जातं. त्याचं नाक तीक्ष्ण असतं, पण वास पाण्याबरोबर वाहत त्याच्यापर्यंत पोहोचावा लागतो. मैलावरच्या थेंबाची गोष्ट खरी नाही. मासिक पाळीत समुद्रात उतरल्याने शार्कचा धोका वाढतो, यालाही पुरावा नाही. मुलींना त्या कारणाने किनाऱ्यावर बसवून ठेवू नका.

मग तो माणसाला चावतो तरी का? माणूस त्याचं खाद्य नाही. गढूळ पाण्यात हात-पाय मारणाऱ्या माणसाची हालचाल, किंवा सर्फिंगच्या फळीची खालून दिसणारी आकृती, त्याला सील नावाचा समुद्री प्राणी किंवा मासा वाटू शकते. शिवाय त्याला हात नाहीत, समोरची वस्तू काय आहे ते तो तोंडाने तपासतो. म्हणूनच बऱ्याच घटनांत एक चावा घेऊन तो निघून जातो. मोठ्या शार्कचा एक चावाही मोठी रक्तवाहिनी तोडू शकतो आणि मरण येतं ते बहुतेक वेळा रक्तस्रावाने. पुढे प्रथमोपचारात याचा उपयोग होईल.

पायरी ३: जिथे जाणार आहात त्या जागेचा विचार करा

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा दमण-दीवच्या किनाऱ्यावर कंबरभर पाण्यात खेळणाऱ्या कुटुंबाला शार्कचा धोका नगण्य आहे. शून्य मात्र नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीपात्रात मासेमारीला उतरलेल्या एका तरुणाच्या पायाला शार्कने गंभीर चावा घेतला होता. जागा बघा: मोकळा किनारा नाही, तर नदीचं गढूळ पाणी आणि भरतीचं पाणी जिथे मिसळतं ती खाडी, आणि तिथे चाललेली मासेमारी. बुल शार्कला हीच जागा आवडते. गोड्या पाण्यात शिरून राहण्याची क्षमता त्याच्या शरीरात आहे. मूत्रपिंड आणि मीठ बाहेर टाकणारी ग्रंथी पाण्याप्रमाणे आपलं काम बदलतात. अमेरिकेत मिसिसिपी नदीत तो समुद्रापासून शेकडो मैल आत, इलिनॉय राज्यापर्यंत गेल्याची १९३७ ची नोंद आहे. म्हणून किनाऱ्यावर गेल्यावर नदीच्या मुखाशी आणि खाडीत पोहायचं नाही, एवढा एक नियम पाळलात तरी आपल्या भागातला शार्कचा उरलासुरला धोकाही बराच टळतो.

हे सांगितलं की मुलं लगेच विचारतात: मग तापीतून शार्क आपल्याकडे येईल का? प्रश्न हुशारीचा आहे. तापी मुलताईला उगम पावते, भुसावळ, सारंगखेडा, प्रकाशा करत गुजरातेत जाते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. म्हणजे पाण्याची वाट एकच आहे. पण त्या वाटेवर सुरतेचा सिंगणपूर बंधारा, त्याच्या वर काकरापारचा बंधारा आणि त्याच्याही वर उकाईची प्रचंड भिंत उभी आहे. आपल्या बाजूला सारंगखेडा, प्रकाशाचे बॅरेज आणि हतनूर आहेच. समुद्रातला मासा ही चढण चढू शकत नाही. तापीत शार्क नाही. पण रेती उपसून झालेले अंदाज न येणारे डोह आहेत, आणि पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले की बघता बघता चढणारं पाणी आहे. गणपती विसर्जनाला नदीत उतरणाऱ्यांनी शार्क नसल्याचा आनंद मानून पुढे जाऊ नये.

अंदमान, लक्षद्वीपला जाणार असाल तर प्रवाळांवर छोटे रीफ शार्क दिसू शकतात. ते लाजरे असतात, पाणबुडे त्यांना बघायला पैसे मोजतात. फक्त हात लावायचा नाही आणि खाऊ घालायचं नाही.

आता आपल्याकडची पोरं शिकायला, नोकरीला ऑस्ट्रेलिया-अमेरिकेला जातात, त्यांच्यासाठी वेगळं सांगायला हवं. २०२४ मध्ये जगातल्या ४७ चाव्यांपैकी २८ अमेरिकेत आणि ९ ऑस्ट्रेलियात झाले. फ्लोरिडातले बहुतेक चावे छोट्या शार्कचे आणि बरे होणारे असतात. ऑस्ट्रेलियातले गंभीर असू शकतात. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर २०११ ते २०१९ या काळात ११ माणसं गेली आणि तिथे पोहण्यावरच बंधनं आली. ब्राझीलच्या रेसिफे शहरात १९९२ पासून हल्ल्यांचं प्रमाण वाढलं. जवळच्या बंदराच्या बांधकामाने खाडीची रचना बदलली, हे त्याचं एक कारण मानलं जातं. थोडक्यात, काही ठरावीक जागा खरोखर धोक्याच्या आहेत आणि तिथल्या लोकांना त्या माहीत असतात. अशा देशांत फक्त जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावर, झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरायचं. पाटी वाचायची. किनारा बंद असेल तर बंद.

पायरी ४: विहीर आणि समुद्र यांतला फरक घरीच समजावा

या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, म्हणून इथे थोडा वेळ थांबा.

रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातला किंवा शिरपूर-शहाद्याकडचा पोरगा पोहायला शिकतो तो विहिरीत. कमरेला दोर किंवा भोपळा बांधून काका-मामा त्याला वरून ढकलतात आणि दोन उन्हाळ्यांत तो काठावरून सूर मारायला लागतो. पाण्याची भीती त्याच्या मनात राहतच नाही. समुद्रावर सगळ्यांत पुढे हाच पोरगा जातो आणि मला सगळ्यांत जास्त काळजी त्याचीच वाटते. विहिरीचं पाणी जागेवर असतं. दमलं की चार हात मारून कठडा गाठता येतो, नाहीतर पायरीला धरता येतं. समुद्रात धरायला काही नाही आणि पाणी स्वतः चालत असतं. विहिरीत जो दम दहा मिनिटं पुरतो तो प्रवाहाच्या उलट पोहताना दोन मिनिटांत संपतो.

हे मुलांना शब्दांत सांगून पटत नाही. किनाऱ्यावर गेल्यावर त्यांना घोट्याएवढ्या पाण्यात हात धरून उभं करा आणि परत जाणाऱ्या लाटेकडे लक्ष द्यायला सांगा. टाचेखालची वाळू सरकते, पाय आपोआप खाली रुततो, माणूस किंचित मागे झुकतो. घोट्याला एवढी ओढ असेल तर कमरेला किती असेल, हे त्यांचं त्यांनाच उमगतं. मी प्रत्येक सहलीत पहिला अर्धा तास एवढंच करवून घेतो.

लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठून तरी परत जावंच लागतं. काही ठिकाणी ते एका अरुंद पट्ट्यातून जोरात आत जातं. अशा पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, पाणी आजूबाजूपेक्षा शांत आणि गडद दिसतं, फेस किंवा कचरा आतल्या बाजूला वाहताना दिसतो. शांत दिसतं म्हणून लोक मुलांना नेमके तिथेच उतरवतात. उतरण्याआधी उंचावर उभं राहून पाच मिनिटं फक्त पाणी बघा, तो पट्टा ओळखता येतो. त्यात सापडलातच तर किनाऱ्याकडे तोंड करून पोहायचं नाही. पाणी तुम्हाला खाली ओढत नाही, आत नेतं. अंग सैल सोडून तरंगायचं, एक हात वर करून मदत मागायची आणि शक्ती असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहून पट्ट्याबाहेर पडायचं. मग लाटांबरोबर परत यायचं.

भरती-ओहोटी समजायला घरातलं पंचांग पुरतं. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यासाठी कोळ्यांचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे भरती साडेचारच्या सुमारास आणि ओहोटी त्याच्या सहा तास आधी, साडेदहाला. भरती दिवसातून दोनदा येते आणि दर दिवशी सुमारे पाऊण तास पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त ओसरतं. शाळेची सहल मी त्या दिवसांत ठेवत नाही. दमण-सुरतेकडे हा हिशोब चालत नाही, वेळ पुढे जाते. तिथलं वेळापत्रक हॉटेलवाल्याला किंवा कोळ्याला विचारा.

दमण, तिथल, डुमसच्या बाजूला आणखी एक गोष्ट आहे. खंबातच्या आखातालगत भरती-ओहोटीचा फरक खूप मोठा असतो. किनारा सपाट असल्याने ओहोटीला पाणी फार लांब जातं आणि लोक शंख-शिंपले वेचत चिखलातून त्याच्यामागे जातात. परत येणारं पाणी आधी बाजूच्या खोलगट भागातून वाट काढतं, त्यामुळे माणूस पुढे बघत असतो आणि पाणी मागून घेरतं. ओहोटीची वेळ संपायच्या आधीच मागे फिरायचं. गाडी वाळूवर नेऊ नका.

पायरी ५: पाण्यातली वागणूक

शार्कपासून वाचवणाऱ्या सवयी आणि बुडण्यापासून वाचवणाऱ्या सवयी बऱ्याच अंशी एकच आहेत, त्यामुळे वेगळं काही पाठ करावं लागत नाही. पहाटे, संध्याकाळी अंधारताना आणि रात्री पाण्यात उतरायचं नाही. शार्क त्या वेळी भक्ष्य शोधतात आणि बुडणारा माणूसही दिसत नाही. एकट्याने जायचं नाही. जाळी ओढत असतील, मासे साफ करत असतील, पक्षी पाण्यावर झडप घालत असतील, तर तिथून लांब राहायचं. जखम वाहत असेल तर बाहेर बसायचं. दारू प्यायलेल्या माणसाला पाण्यात जाऊ द्यायचं नाही, मग तो घरातला वडीलधारा असो.

दागिन्यांचं वेगळं सांगतो. चमकणारी पोत, पाटल्या, साखळी पाण्यात माशाच्या खवल्यासारखी चमकते म्हणून शार्कच्या दृष्टीनेही ती नको. आपल्याकडे मात्र त्याहून मोठा धोका साडीचा आहे. ओली साडी जड होते आणि परतणारी लाट ती पायांभोवती गुंडाळते; बाई गुडघाभर पाण्यातही पडू शकते. आई, काकू, मावशींना पाण्यात जायचं असेल तर पंजाबी ड्रेस किंवा ट्रॅक पॅन्ट घालून जाऊ द्या. कुणी काही म्हणणार नाही, आणि म्हटलं तरी चालेल.

लहान मूल त्याच्या स्वतःच्या गुडघ्यापलीकडे नको, आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. मोबाइलवर फोटो काढणारा माणूस लक्ष ठेवणारा धरू नका. पावसाळ्यात समुद्रात उतरूच नका.

किनाऱ्यावर खरोखर भेटू शकणारे दोन जीव वेगळेच आहेत. पहिला पाकट. चपटा, वाळूत पुरून बसतो, शेपटीला विषारी काटा असतो. २०१३ च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला उतरलेल्या बऱ्याच जणांना पाकटांनी डंख मारले होते. पाऊल उचलून टाकण्याऐवजी वाळूत घासत पुढे गेलात तर पाकट आधीच निघून जातो. दुसरा जीव जेलीफिश आणि तिच्यासारखी दिसणारी निळी ब्लूबॉटल, जी पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यांवर वाहून येते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये जुहूला त्यांचा मोठा उपद्रव झाला. वाळूवर मेलेली दिसली तरी हात लावायचा नाही, डंख मेल्यावरही लागतो.

पायरी ६: शार्क दिसलाच तर

आपल्या किनाऱ्यावर ही वेळ सहसा येणार नाही, पण परदेशी असलेल्यांनी वाचून ठेवावं. ओरडत, पाणी उडवत पळायचं नाही, ती हालचाल जखमी माशासारखी वाटते. त्याच्याकडे तोंड ठेवायचं, नजर सोडायची नाही, आणि सावकाश मागे सरकत किनाऱ्याकडे किंवा बोटीकडे जायचं. हातात फळी, पिशवी, कॅमेरा जे असेल ते मध्ये धरायचं. अंगावर आलाच तर नाकावर जोरात मारायचं. पकडलंच तर डोळे आणि कल्ल्यांच्या फटींवर बोटं, नखं, जे हाती लागेल त्याने वार करायचे. मेल्याचं सोंग घेऊन उपयोग नाही.

पायरी ७: प्रथमोपचार, घरातल्या दोघांना तरी यायला हवेत

मोठ्या जखमेत, मग ती शार्कची असो, बोटीच्या पंख्याची असो की खडकाची, पहिलं काम रक्त थांबवणं. माणसाला पाण्याबाहेर काढा, झोपवा, स्वच्छ कापडाने जखमेवर सगळा जोर देऊन दाबा आणि उचलून बघत बसू नका. हात-पायातून रक्त उसळत असेल आणि दाबून थांबत नसेल, तर जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही, रुंद पट्टी बांधा. त्यात काठी अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळा. बारीक दोरी वापरू नका, ती मांस कापते. वेळ लिहून ठेवा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती सोडू नका.

पाकटाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, अर्धा ते दीड तास. उष्णतेने वेदना कमी होतात. मोठ्या माणसाने आधी आपला हात घालून पाणी तपासावं, नाहीतर भाजेल. काटा आत मोडला असेल, किंवा पोटाला, छातीला लागला असेल तर ओढून काढू नका, थेट दवाखाना. जेलीफिशच्या डंखावर समुद्राचंच पाणी ओता, चिमट्याने धागे काढा, वाळू चोळू नका. श्वास लागला, चक्कर आली तर वेळ घालवू नका.

बुडालेल्या माणसाला उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं हे सगळं बंद करा. त्यात जीव वाचवण्याची मिनिटं जातात. श्वास नसेल तर मान मागे करून, नाक दाबून, तोंडाने आधी पाच वेळा श्वास द्या. मग छातीच्या मध्यभागी ३० दाब, दोन श्वास, पुन्हा ३० दाब. दाब सुमारे ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच, फुप्फुसातल्या पाण्याने त्रास नंतर वाढू शकतो. आणि बुडणाऱ्यामागे उडी टाकू नका. दोर, ओढणी, बांबू, बंद केलेला रिकामा कॅन, जे असेल ते फेका. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात.

फोनमध्ये १०८ आणि ११२ सोबत तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक निघण्याआधीच भरून ठेवा.

पायरी ८: मुलांना दुसरी बाजूही दाखवा

शार्कमुळे वर्षाला जगात पाच-दहा माणसं जातात. माणसामुळे वर्षाला जाणारे शार्क किती? २०१९ साठीचा अंदाज किमान ८ कोटींचा आहे. मोकळ्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या १९७० नंतर ७१ टक्क्यांनी घटली, असं २०२१ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. शार्क उशिरा वयात येतो आणि बहुतेक जातींत पिल्लंही मोजकीच होतात, त्यामुळे एकदा घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. समुद्रातले वरच्या टप्प्यातले शिकारी संपले की खालची सगळी घडी बिघडते, हे मला मुलांना सांगावंसं वाटतं आणि मी सांगतो.

सोमनाथला दर्शनाला जाणाऱ्यांना यासाठी वेगळी वाट करावी लागत नाही. सोमनाथच्या शेजारचं वेरावळ बंदर हे देवमाशाएवढ्या व्हेल शार्कसाठी ओळखलं जातं. जगातला हा सर्वांत मोठा मासा तोंड उघडं ठेवून प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गाळून खातो, माणसाला काहीही करत नाही. एकेकाळी इथेच त्याची तेलासाठी आणि मांसासाठी कत्तल व्हायची. २००१ मध्ये त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतलं गेलं. असं संरक्षण मिळालेला तो आपल्याकडचा पहिला मासा. पण नुसत्या कायद्याने भागलं नसतं. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने मोहीम सुरू केली, रामकथाकार मोरारीबापूंनी कोळ्यांना समजावलं की ही सासरहून माहेरी बाळंतपणाला आलेली लेक आहे, आणि लोकांना ते पटलं. तेव्हापासून जाळ्यात सापडलेले शेकडो व्हेल शार्क तिथल्या मच्छीमारांनी स्वतःचं महागाचं जाळं कापून सोडले आहेत. फाटलेल्या जाळ्याची भरपाई वनखातं देतं.

मंदिरातून परतताना बंदराकडे चक्कर टाका, जाळी विणत बसलेल्या एखाद्या काकांशी मुलांना बोलू द्या. आणि मालवणच्या हॉटेलात मोरीचं मटण मागवताना किंवा बाजारात घेताना वीतभर पिल्लांचा ढीग दिसला तर तो घेऊ नका. बांगडा, तारली, मांदेली यांना पैसेही कमी लागतात आणि ती लवकर वाढतात.